कमलमावशीचं ‘निल’

जिने आयुष्यात एकही हप्ता चुकवला नाही, तिला बँक बुडवू शकते का? शकते. आमच्या शेजारच्या कमलमावशीला मी बुडताना पाहिलं. कुणी आरडाओरडा केला नाही. पंखा चालू होता, लोक टोकन घेऊन बसले होते.

मावशी इंदूरच्या एका कापड गिरणीत रीलिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या कामावर होती. गिरणी बंद झाली तेव्हा मी शाळेत होते आणि गेटवरच्या सभांत बाबांच्या युनियनची पत्रकं वाटायचे. मावशी मला ‘पर्चेवाली’ म्हणायची. “तुझ्या पर्च्यात सगळं आहे बेटा, बस पगार कधी मिळेल ते नाही,” असं म्हणून पत्रकाची नीट घडी करून पिशवीत टाकायची.

गिरणीकडचे पैसे कित्येक वर्षांनी हाती आले. मावशीने ते सगळे धाकट्या मुलीच्या, आशाच्या नर्सिंगसाठी बँकेत ठेव म्हणून ठेवले. बँकेने त्या ठेवीच्या तारणावर तिला क्रेडिट कार्ड दिलं. तिच्या नवऱ्याचं, काकांचं हृदयाचं ऑपरेशन निघालं तेव्हा दवाखान्याचा सगळा खर्च तिने कार्डावर टाकला. “ठेव आशाची आहे, तिला हात नाही लावायचा. कार्डाचं मी हप्त्या-हप्त्याने फेडते.”

कार्डाच्या बिलावर दोन रकमा येत: एकूण बाकी आणि किमान भरायची रक्कम. मावशीने किमान रकमेलाच हप्ता मानलं. गिरणीच्या पतपेढीत तसंच होतं. कर्ज घेतलं की दर पगारातून हप्ता कापायचे, शेवटचा कापला की बाबू खिडकीतून नाव पुकारून ‘निल’ म्हणायचा. ज्याचं निल झालं, तो साऱ्या खात्याला कचोरी खिलवायचा.

एकदा कृष्णपुऱ्याजवळच्या त्या बँकेत मी तिच्यासोबत होते. पैसे भरून तिने काउंटरवरच्या मुलीला विचारलं, “माझं निल केव्हा होणार?”

“आंटीजी, मिनिमम भरलंय ना? मग टेन्शन नाही.”

“टेन्शन कुठे घेते मी. कचोरी किती आणायची ते सांग. तुमचा स्टाफ खातो खूप.”

मुलगी हसली. मीही हसले.

काका वर्षभराने गेले. तोवर त्यांची औषधंही कार्डावरच येत राहिली. मग आशाला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फी भरायला ठेव मोडायची म्हणून आम्ही तिघी बँकेत गेलो.

“आधी कार्डाची बाकी वळती होईल, मॅडम,” साहेब म्हणाले. “उरेल ते खात्यात येईल.” त्यांनी उरणारी रक्कम सांगितली. त्यात फी सोडा, पुस्तकंही येत नव्हती.

“पण मी तर दर महिन्याला हप्ता भरलाय, साहेब.”

“तो हप्ता नव्हता. मिनिमम भरलं की लेट फी लागत नाही, एवढंच. व्याज चालूच राहतं.”

मावशीने पिशवीतून चष्मा काढला. मग म्हणाली, “अच्छा. मग सही कुठे करायची?”

आशा भिंतीवरच्या व्याजदरांच्या पाटीकडे बघत राहिली.

मावशी भरत होती त्यातलं बहुतेक व्याजातच जात होतं. बाकी शिल्लक असताना घेतलेल्या औषधांवर पहिल्या दिवसापासून व्याज लागत होतं. ठेवीवर मिळणारं व्याज त्यापुढे काहीच नव्हतं. ऑपरेशनच्या वेळीच ठेवीतले थोडे पैसे काढले असते, तर आशाची फी वाचली असती. आमच्या पत्रकांत मालक, सरकार, परदेशी भांडवल सगळे होते. किमान रक्कम कुठेच नव्हती. आणि काउंटरवरच्या ज्या मुलीला ती ठाऊक होती, तिने टेन्शन नाही म्हणून सांगितलं. हे अज्ञान नाही, हा धंदा आहे.

आशा आता एका कपड्यांच्या शोरूममध्ये बिलिंगला उभी असते. मावशी हातोदला भावाकडे गेली. निघताना मी काही बोलू पाहिलं, तर म्हणाली, “जाऊ दे गं. बस येईल.”

तुमच्या घरी किंवा शेजारी कुणी कार्डाचं बिल वेळेवर भरत असेल, तर आजच त्यांच्याजवळ बसा. एकूण बाकी मागच्या महिन्यापेक्षा किती उतरली, एवढंच विचारा. उतरत नसेल, तर कार्डावरची खरेदी थांबवायला लावा. आणि घरात ठेव असेल, तर ती मोडून आधी कार्ड फेडायला सांगा, ती कुणाच्याही नावाने जपलेली असली तरी.