तिची तबकडी

माझी धाकटी बहीण आयुष्यात एकदाच व्हिडिओ गेम खेळली आणि पहिल्याच डावात तिनं तबकडी पाडली, ही गोष्ट आमच्या घरात लहानथोरांना पाठ आहे. ती खोटी आहे, हे फक्त मला ठाऊक होतं.

वडील साखर कारखान्यात होते, आम्ही अंकुशनगरला क्वार्टरमध्ये राहायचो. शहागडला हायवेवर एका हॉटेलाच्या बाजूला, पत्र्याच्या शेडमध्ये, कपाटाएवढं एक गेमचं मशीन आलं होतं. वरून किड्यांच्या रांगा सरकत खाली यायच्या, आपण खालून तोफ डावी-उजवीकडे पळवत त्यांना उडवायचं. मधूनच अगदी वरच्या कडेनं एक तांबडी तबकडी सर्रकन जायची. ती पाडली म्हणजे कमाल.

कुणी नाणं टाकलं नाही की ते मशीन आपलं आपणच खेळून दाखवायचं, गिऱ्हाईक यावं म्हणून. तोफ डाव्या कोपऱ्यात जायची, जरा थांबायची, मग उजवीकडे धावत सुटायची आणि तबकडी पाडायची. दर वेळी तेच. मला हे माहीत होतं, कारण आदल्या खेपेला खिशात काही नसताना मी बस येईपर्यंत तेवढंच बघत उभा होतो.

त्या दिवशी वडिलांनी आम्हा दोघांच्या हातावर एकेक नाणं ठेवलं. मी अकरा वर्षांचा, ती सात. माझं नाणं मी टाकलं आणि बघता बघता मेलो. मग तिला एका खोक्यावर उभं केलं, तिच्या मुठीतलं नाणं काढून घेतलं, तिथं दांडा दिला आणि म्हणालो, "खेळ." मशीन खेळत होतं. ही जीभ बाहेर काढून दांडा हलवत होती. तोफ कोपऱ्यात गेली, थांबली, धावली, तबकडी फुटली. मागं चहा पीत उभा असलेला एक ट्रकवाला म्हणाला, "वा बेटी! बिलकुल बराबर!"

पडद्याच्या मधोमध 'नाणं टाका' अशी इंग्रजी अक्षरं सारखी लुकलुकत होती. तिला इंग्रजी येत नव्हतं. ट्रकवाल्यालाही येत नसावं.

"संपला तुझा डाव," असं म्हणून तिला खाली उतरवलं आणि तिच्या नाण्यावर मी खेळलो. परत येताना बसमध्ये तिनं खिडकीची जागा मला दिली. "दादानं मला खेळू दिलं," असं आईला सांगितलं. मी खिडकीतून ऊस बघत बसलो.

मुलं विसरतात असं मी धरून चाललो होतो. ती विसरली नाही. पहिल्यांदा स्कूटर चालवताना, डी.एड.च्या परीक्षेला जाताना, "म्या पहिल्या डावात तबकडी पाडली व्हती," असं म्हणून ती निघायची. आज ती केदारखेड्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई आहे. पोरं गणिताला भ्यायला लागली की तिथंही तेच: "भ्यायचं न्हाई. पहिल्या झटक्यात बी जमतं. बाईंना जमलं व्हतं." आणि कुणाला शंका आली तर साक्षीला मी. इतकी वर्षं मान हलवून हलवून माझी मान त्या बाबतीत तयार झाली आहे.

यंदा दिवाळीआधी मी जालन्यातल्या घरी टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन आणलं. मुलाच्या नावानं आणलं, तो हॉस्टेलला असतो ही वेगळी गोष्ट. त्यात जुन्या काळच्या, दुकानात उभं राहून खेळायच्या पंचवीस-तीस गेमांचा संच होता. बायको म्हणाली, "गुडघ्याला तेल लावायला वेळ न्हाई अन् किडे मारायला बराबर हाये."

पहिल्याच दिवशी पाणी प्यायला उठलो. परत येऊन बघतो तर तोफ आपोआप डाव्या कोपऱ्यात जाऊन थांबलेली. मग धावली. तबकडी फुटली. मधोमध तीच अक्षरं. नाण्याची भोकं गेली, मशीन गेलं, ते हॉटेलही आता तिथं नाही. आणि माझी लबाडी मात्र कुणीतरी जशीच्या तशी जपून विकायला ठेवली होती.

भाऊबिजेला बहीण आली, सोबत नववीतली भाची.

"दादा, त्योच गेम हाये म्हणं ह्यात! दाखव हिला माझी तबकडी."

"आधी मी दाखवतो," म्हणालो आणि बसलो. रिमोट हातातून सोडायचा नाही, मेलो की लगेच दुसरा डाव. जरा ढिलाई झाली की मशीन स्वतः खेळायला लागणार.

भाची म्हणाली, "मामा, आम्हाला दाखवायला आणलं का तुम्हालाच बघत बसायला?"

तेवढ्यात बायकोनं पाट मांडला. "अहो, उठा. जल्दी. ओवाळायचं हाये."

पूर्वेकडं तोंड करून बसवलं, म्हणजे टीव्ही पाठीमागं. डोक्यावर टोपी, मांडीवर हात. टीव्ही बंद करता येतो, हे मला त्या घटकेला सुचलं नाही. महिनाभर न थांबता खेळायच्या युक्त्या शिकलो होतो. बंद करायचं बटण मी विसरूनच गेलो होतो.

बहीण समोर ताट घेऊन बसली. कुंकू लावलं, तांदूळ लावले. गेम दिसावा म्हणून मी पडदे ओढले होते, त्यामुळं तिच्या चष्म्यात टीव्ही स्वच्छ दिसत होता. दोन काचांत दोन तोफा. दोन्ही कोपऱ्यात गेल्या. थांबल्या. ओवाळणारा हात हळू झाला. तोफा धावल्या. हात थांबला.

मग तिनं उरलेले फेरे पूर्ण केले, अख्खा पेढा माझ्या तोंडात कोंबला आणि हळूच विचारलं, "मधी काय लिहून येतंय रे दादा?"

मला बोलता येत नव्हतं. तिनंच वाचलं. "नाणं टाका." मग म्हणाली, "तवा बी येत व्हतं हे?"

मी मान हलवली. सवयीची होती.

"अन् माझं नाणं?"

पेढा गिळला. "मी खेळलो."

मी पैठणीची पिशवी ताटाकडं सरकवली. तिनं ती बाजूला केली आणि ताट तसंच पुढं धरून ठेवलं. "आधी नाणं टाक."

खिसे चाचपले. सगळं हल्ली फोनवर. शेवटी बायकोनं देव्हाऱ्यातलं, लक्ष्मीपूजनाचं नाणं आणून दिलं, हळद लागलेलं. ते ताटात टाकलं तेव्हा झालेला आवाज माझ्या कानात अजून आहे.

तिनं रिमोट घेतला. तीन तोफा मिळतात, तीनही गेल्या. माझं टोपी काढून होईपर्यंत.

"मम्मी!" भाची ओरडली. "तू तर पहिल्या डावात..."

मी तोंड उघडलं. रिमोटचे सेल कमी असतील, असं काहीतरी म्हणणार होतो. बहिणीनं माझ्याकडं पाहिलं आणि मी गप्प बसलो.

"ती मशीननं पाडली व्हती बाळा," ती म्हणाली. "मला आत्ता कळलं."

"मंग शाळेत सांगतीस ते?"

बहिणीनं रिमोट पुन्हा उचलला. ती पुन्हा खेळली, पुन्हा मेली. जेवण गार झालं. तबकडी काही पडली नाही. जाताना बसस्टँडवर ती खिडकीत बसली. मी म्हटलं, "चुकलं माझं." ती म्हणाली, "चुकलंच." बस निघाली.

सुट्टी संपून शाळा उघडल्यावर तिचा फोन आला. मागं पोरांचा गलका.

"सांगितलं पोरायला. खरं खरं."

"मंग?"

"ते म्हणले, बाई, तुम्ही तरी बी स्कूटर शिकल्याच की. अन् मंग म्हणले, मामाला शिक्षा काय?"

"काय?"

"बाई तबकडी पाडेपर्यंत मामानं खेळायचं न्हाई. नुसता रिमोट धरून बसायचं."

मी शिक्षा भोगतोय. काल संध्याकाळी बायको दिवा लावायला आली तेव्हा मी सोफ्यावर रिमोट धरून बसलो होतो. तोफ कोपऱ्यात गेली, थांबली, धावली. तबकडी फुटली, आणि खरं सांगतो, ती माझ्याच अंगठ्यानं फुटली असं क्षणभर वाटलं. सात वर्षांच्या पोरीला काय वाटलं असेल!

"काय करून राह्यलात?" बायकोनं विचारलं.

"काही न्हाई," मी म्हणालो. "तिचा डाव चालूये."