आई-वडील किंवा सासू-सासरे

झाशीत सिपरी बाजारात माझं विजेच्या सामानाचं दुकान आहे. आजारपणाच्या विम्याचा विचार मी कधी केला नव्हता. घरात ती सोय आली बायकोच्या नोकरीमुळे. ती एका खासगी कंपनीत हिशेब बघते. लग्न होऊन नागपूरहून इथे आली आणि माझ्या अर्ध्या हिंदी मराठीला अजून हसते.

गेल्या वर्षी तिच्या कंपनीने कर्मचाऱ्यांच्या विम्यात घरातल्या वडीलधाऱ्यांनाही घ्यायचं ठरवलं. जुने आजारही पहिल्या दिवसापासून धरणार होते, आणि मोठी गोष्ट हीच होती. बाहेर या वयाच्या माणसाची पॉलिसी काढली तर जुन्या दुखण्यासाठी काही वर्षं थांबावं लागतं, शिवाय बिलाचा हिस्सा आपल्याच खिशातून जातो. कंपनीची अट एकच होती. आई-वडील किंवा सासू-सासरे; दोन्ही जोड्या नाहीत. एकदा नावं दिली की वर्षभर बदल नाही.

ऑफिस सुटल्यावर तिने दुकानात येऊन हे सांगितलं. तिचे वडील खासगी शाळेतून निवृत्त झालेले, हृदयात स्टेंट बसवलेली, आणि ती त्यांची एकुलती एक. इकडे माझ्या वडिलांना मधुमेह आणि आईचे गुडघे धरलेले.

"तुम्हाला काय वाटतं?" तिने विचारलं.

"नोकरी तुझी आहे, तुला वाटेल ते कर," मी गिऱ्हाईकाचं सामान बांधता बांधता म्हणालो.

ऐकायला हे उदार वाटतं. पण सासरच्यांना वगळून माहेरची नावं ती आपल्या तोंडाने सांगणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तिने माझ्या आई-वडिलांची नावं दिली. मला हायसं वाटलं. तिला काय वाटलं, ते मी विचारलं नाही.

दिवाळीनंतर तिचे आई-वडील आमच्याकडे राहायला आले. आम्ही सगळे लक्ष्मी ताल नावाच्या तळ्याकाठी देवीच्या दर्शनाला गेलो. देवळाबाहेर चपला घालताना माझी आई विहीणबाईंना कौतुकाने सांगत होती, की सूनबाईच्या ऑफिसमुळे आमच्या इलाजाची चिंताच मिटली. "फार छान झालं," त्या म्हणाल्या. बायको रिक्षा बघते म्हणून पुढे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सासरे एकटेच दुकानात आले. म्हणाले, जावईबापू, जरा सल्ला हवा होता. नागपुरात ते दोन एजंटांना भेटले होते. एक म्हणाला, नवरा-बायकोची मिळून एकच पॉलिसी घ्या, हप्ता कमी पडतो. दुसरा म्हणाला, वेगवेगळ्या घ्या. एकाच्याच मोठ्या आजारात सगळी रक्कम संपली तर दुसऱ्याला काही उरत नाही. स्टेंटचं ऐकून एका कंपनीने तर नकारच दिला होता. ते लपवता येईल, असंही त्यांना कोणीतरी सुचवलं होतं. "मला ते जमायचं नाही," सासरे म्हणाले.

मी त्यांना सल्ला दिला. पॉलिसी वेगवेगळ्या घ्या, स्टेंटचं स्पष्ट सांगा, जुन्या आजारासाठी किती थांबावं लागेल ते आधी विचारा. सगळं बरोबरच होतं. वर्गातल्या हुशार मुलाचं ऐकावं तसे ते मान डोलावत होते. मग त्यांनी सहज विचारलं, "हिच्या कंपनीत आमच्यासारख्यांना घेत नसतील ना?"

खोटं बोलायचं धाडस झालं नाही. मी अट सांगितली.

"बरोबर केलं तिने," ते म्हणाले. "आता ती इथली आहे."

मी चहा मागवला. तो येईपर्यंत त्यांच्याकडे बघायची मला हिंमत झाली नाही.

ते नागपूरला परतल्यावर मी घरात सगळं सांगितलं. आई म्हणाली, "आणि मी विहीणबाईंपुढे मिरवत बसले. मला आधी सांगायचं नाही का?" वडील रागावले की हिंदीवर येतात. "हमारे लिए तू है," ते म्हणाले. "उनका कौन है, बताओ?"

नावं बदलायची वेळ या वर्षी आली, तेव्हा मी बायकोला म्हणालो, तुझ्या आई-बाबांची नावं दे. "आता उपकार नकोत," ती शांतपणे म्हणाली. तिला तयार केलं ते माझ्या वडिलांनी, मी नाही. माझ्या आई-वडिलांसाठी मी बाहेरून वेगवेगळ्या पॉलिसी काढल्या, मधुमेह सांगून. त्याच्या उपचाराचा खर्च मिळायला अजून अवकाश आहे. तोवर वडील गोडाला हात लावत नाहीत, आणि तेही कुरकुर न करता.

महिन्याभराने सासऱ्यांचा फोन आला. तपासणीला गेले होते, पैसे भरावे लागले नाहीत.

"हिने सांगितलं, तुम्हीच आग्रह धरलात म्हणून," ते म्हणाले. "स्वतःच्या आई-वडिलांआधी आमचा विचार केलात."

बायको समोरच कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली नाही. आग्रह माझ्या वडिलांचा होता, एवढंच मला सांगायचं होतं.

"तसं काही नाही," मी म्हणालो. तो माझा विनय आहे असं समजून ते आणखीच कौतुक करत राहिले, आणि मी ऐकून घेतलं.