मार्त्येबाईचं गप्प रक्त

काटवाइक गावच्या मार्त्ये हासनोटचा आवाज समुद्राकाठच्या तिच्या टपरीवरून थेट चर्चच्या दारापर्यंत पोचायचा. तो जरा कमी करावा असं तिच्या मनात कधी आलं नाही. धुरी दिलेला बांगडा आणि वाम विकणाऱ्या बाईनं कुजबुजून कसं चालेल? नवरा एंगल गेला तेव्हा दोन मुलं मागे राहिली. मुलगी याना लग्न होऊन गेली. मुलगा क्राइन तिशीचा, मासेमारीच्या बोटीवर कामाला, आणि घरी असला की आईचं बोलणं मुकाट्यानं ऐकणारा.

आता या बाईचं रक्त गप्प आहे, असं लायडन शहरातल्या प्रयोगशाळेतले डॉ. हेसलिंग म्हणायचे, आणि गावाला हसू आवरायचं नाही.

गोष्ट खरी होती. आपल्या रक्तातल्या टी पेशी म्हणजे दारावरचे पहारेकरी. समोरच्या पेशीवरच्या खुणा बघायच्या आणि आपला की परका ते ठरवायचं, एवढंच त्यांचं काम. या खुणांचा एक संच आईकडून येतो, एक बापाकडून. दोन माणसांच्या पेशी एका बशीत ठेवल्या आणि अनोळखी खूण दिसली, की टी पेशी खवळतात, भराभर वाढतात, बशीत नुसता गोंधळ. कोण कोणावर खवळलं ते कळावं म्हणून एका बाजूच्या पेशींवर आधीच किरणं सोडून त्यांचं तोंड बंद करायचं. मग ओरडेल ती दुसरीच बाजू.

मार्त्येची गंमत अशी, की तिचे दोन्ही संच एकसारखे निघाले.

“तुमचे आईवडील नात्यातले होते का?” डॉक्टरांनी अगदी हळूच विचारलं होतं.

“चुलत भाऊबहीण. गावात दुसरं होतंच कोण? आणि कुजबुजता काय डॉक्टर, लग्न चर्चमध्ये झालंय त्यांचं!”

तेव्हापासून ती त्या प्रयोगशाळेची मोजपट्टी झाली. ज्याच्या पेशी तिच्या तोंड बंद केलेल्या पेशी बघून गप्प बसतील, त्याच्याकडे तिचा संच आहे असं समजायचं. ती दर महिन्याला बसनं जायची, रक्त द्यायची, आणि कॉफीबरोबर एकच बिस्किट पुढे आलं की म्हणायची, “बाटली भरून घेतलीत ना? मग डबा इकडे करा.”

आणि मग क्राइनच्या किडन्या गेल्या. बोटीवरचं काम सुटलं. दिवसाआड डायलिसिसच्या यंत्राला बांधलेला, तोंडाचा रंग ओल्या वाळूसारखा. यानानं किडनी देऊ केली, पण भावाबहिणीच्या पेशी बशीत एकमेकींच्या उरावर बसल्या. मग डॉक्टर म्हणाले, “हासनोटबाई, आता तुमची बशी लावून बघू.”

निकाल ऐकायला मायलेक शेजारी शेजारी बसले.

“तुमच्या पेशींना गप्प करून त्यांच्यासमोर क्राइनच्या ठेवल्या,” डॉक्टर म्हणाले. “हूं की चूं नाही. मग उलट केलं. क्राइनच्या गप्प, तुमच्या मोकळ्या. तर तुमच्या पेशींनी बशी डोक्यावर घेतली.”

“ही काय बातमी झाली?” क्राइन म्हणाला. “आमच्या घरी जन्मापासून हेच चाललंय.”

“त्याच्याकडे तुमचा संच आहेच, त्यामुळे तुमच्यात त्याला परकं काही दिसत नाही. पण त्याचा दुसरा संच वडिलांचा. तो तुम्हाला परका.”

मार्त्येनं विचारलं, “म्हणजे माझं रक्त अजून एंगलवर खेकसतंय?”

“तसंच म्हणायचं.”

“बरं आहे. मला वाटलं, विसरले असेन.”

रक्तगट जुळत होता, तिच्या दोन्ही किडन्या ठणठणीत होत्या. किडनी जाणार क्राइनच्या अंगात, म्हणजे मत विचारायचं ते त्याच्या पेशींचं, आणि त्या राजी होत्या.

“पेशी असतील राजी,” क्राइन म्हणाला, “मी नाही.”

बसथांब्यावर मार्त्येनं त्याला गाठलंच. “का रे मेल्या? माझ्या किडनीला मासळीचा वास येतो?”

“आई, उद्या मी उशिरा उठलो तर तू म्हणशील, माझी किडनी लोळतेय. बिअर घेतली तर, माझ्या किडनीला पाजतोस? लग्न केलं तर त्या पोरीलाही पहिल्याच दिवशी सांगशील, अर्धा माझा आहे म्हणून.”

“मी कधी असं बोलते?”

“मला जन्म दिलास ते दर रविवारी ऐकवतेस! जन्म तर सगळ्याच आया देतात. किडनी दिल्यावर तर बघायलाच नको. त्यापेक्षा यंत्र बरं, ते बोलत तरी नाही.”

बसमध्ये मार्त्ये खिडकीबाहेर बघत राहिली. शेजारी क्राइनला बसल्याबसल्या धाप लागत होती. गाव जवळ आलं तशी ती म्हणाली, “नाही बोलणार. किडनीबद्दल तुला एक शब्द नाही. कधीच.”

“तू?”

“मी.”

क्राइननं तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग तो म्हणाला, “एक शब्द जरी निघाला ना आई, तर काढून परत देईन.”

शस्त्रक्रिया पार पडली. उभं राहता येईना, तरी मार्त्येनं नर्सला दटावून स्वतःला चाकाच्या खुर्चीतून मुलाच्या खोलीत न्यायला लावलं. खाटेखालची पिशवी पिवळ्याधमक लघवीनं भरत होती, आणि क्राइनच्या तोंडावर चक्क रंग होता. मार्त्येनं तोंड उघडलं. मिटलं. पडद्याकडे पाहिलं.

“काही म्हणायचंय का?” क्राइननं विचारलं. बेरकीच होता.

“छे. हवा बरी आहे आज.”

मग तिनं खुर्ची खाटेला भिडवली आणि वाकून, थेट त्याच्या पोटाशी बोलायला लागली. “काय गं, बरी आहेस ना? पसारा आहे जरा तिथं, चालवून घे. आणि काम नीट कर, आळशी माणसं आपल्या घरात नव्हती. त्याचा बाप सोडला तर.”

“आई! शब्द दिला होतास!”

“तुला दिला होता. तुझ्याशी कोण बोलतंय?”

क्राइनला हसू फुटलं, त्यानं दोन्ही हातांनी पोट धरलं. “आई, टाके! टाके तुटतील!”

“तू मध्ये बोलू नकोस,” मार्त्ये म्हणाली, आणि पुन्हा किडनीकडे वळली.