मुठीआडचा गंज

शिरीष गेल्याचं मला कळलं तेव्हा मी सिडनीत, पॅरामॅटाच्या घरातून ऑफिसची मीटिंग करत होतो, कॅमेरा चालू. त्याच्या आईचा मेसेज आला, ‘गेला रे. येऊ नकोस, राज्याची बॉर्डर बंद आहे.’ येऊ नकोस म्हणे! निघालो असतो तरी वाटेतूनच परत धाडलं असतं. तो राहायचा त्या क्लेटनलाच युनिव्हर्सिटीच्या दिवसांत एका खोलीत राहिलेलो आम्ही, आणि त्याला निरोप दिला लॅपटॉपवर... मध्येमध्ये अडकणाऱ्या चित्रात. अजून संताप होतो.

त्याचं आजारपण काढायला काकू, म्हणजे त्याची आई, साताऱ्याहून आल्या आणि कोविडमध्ये विमानं बंद झाल्यावर तिथेच अडकल्या. त्याच सुमारास त्याच्या शेजारचे म्हातारे केन एजेड केअरमध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात गेले. जाताना, वडिलांनी युद्धातून आणलेली जपानी तलवार त्यांनी शिरीषच्या हाती दिली. “कुणी घडवली, किती जुनी, एवढं शोध, मेट. कारखान्यातली असेल तर राहू दे. कुणाच्या घराण्यातली असेल तर मला ती परत पाठवायची आहे.” किमोने हा माणूस अर्धा झालेला, पण शब्द देऊन बसला! “अरे, आधी स्वतःकडे बघ,” मी ओरडलो. “दोघांकडेही वेळ कमी आहे,” तो म्हणाला.

इथे सिडनीत मी एक म्हातारे जपानी पारखी गाठले. ते म्हणाले, मूठ काढा. आतल्या लोखंडावर कारागिराचं नाव असतं आणि त्यावरच्या काळ्या गंजावरून वय कळतं. गंजाला मात्र हात लावू नका. तो पुसला तर पुरावाच गेला.

शिरीषने व्हिडिओ कॉलवर मुठीतली बांबूची खुंटी ठोकून काढली. मूठ सुटली, आतून काळंकुट्ट लोखंड निघालं, त्यावर पुसट अक्षरं. तो लहान मुलासारखा हसला. मग दमला, फोनचा आवाज बंद करून टेबलावर तसाच उभा ठेवला आणि आत जाऊन पडला.

स्क्रीनवर काकू आल्या. त्या दिवशी खंडेनवमी! घरात शस्त्र आहे आणि मूठ निघालेली, गंजलेली. पूजेला अशी ठेवायची? त्यांच्या हातात चिंचेचा कोळ होता. “काकू, नको! अहो काकू!” मी बोंबललो, पण तिकडे ऐकू कुणाला जाणार! त्या घासायला लागल्या. मी दुसऱ्या फोनवरून त्यांना रिंग देत राहिलो. त्यांनी आधी हात धुतले, शांतपणे पदराला पुसले, मग फोन घेतला... तोवर अक्षरांच्या अगदी शेजारी अंगठ्याएवढा डाग लख्ख झाला होता.

शिरीष उठून आला. मला वाटलं, आता भडकणार. त्याने डाग पाहिला, आईकडे पाहिलं. “काही नाही बिघडलं गं. हळद-कुंकू वाहा, लांबूनच.” अक्षरांचे फोटो मी त्या पारख्यांना पाठवले. उत्तर येईना. रोज विचारायचा, “आलं का रे?” आणि मला रोज नाही म्हणावं लागायचं.

उत्तर आलं तेव्हा तो नव्हता.

बॉर्डर उघडल्यावर क्लेटनला गेलो. त्याच्या खोलीत टेबलावर तलवार तशीच होती, खुंटी वाटीत. काकूंनी चहाही विचारला नाही. “माझ्यामुळे नाव पुसलं ना रे? मला बरं वाटावं म्हणून तो बोलला. मला कळत नाही होय?”

“काकू, नाव शाबूत आहे. कारागीर सापडला. शिवाजी महाराजांच्या काळातली आहे, घराण्यातलीच असणार म्हणतात. मी केनना फोन केला. रडले ते. परत पाठवणार आहेत.”

“म्हणजे तो खोटं नव्हता बोलला?”

“खोटंच बोलला होता, काकू. त्याला काय माहीत होतं! पण खरं निघालं.”

काकू हसल्या आणि हसता हसताच रडायला लागल्या. मग तलवार जवळ ओढली, त्या उजळ डागावर अंगठा ठेवायला गेल्या आणि थबकल्या. “हात लावू नये ना?” म्हणाल्या, आणि दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले.