‘संशोधन’ या शब्दाच्या आडोशाला

वनमालाबाई पिंपळखऱ्यांना मराठी येत नाही असं कोणी म्हटलं असतं, तर त्यांनी त्याला इंदरगंजातल्या आपल्या ऑफिसच्या अरुंद जिन्यावरून खाली धाडलं असतं. ग्वाल्हेरात घराबाहेर पडलं की हिंदी, हे ठरलेलंच. पण घराच्या आत कोणी ‘मी जाऊन राहिलो’ म्हणालं तरी बाई तिथल्या तिथे टोकत, ‘जातोय’ म्हणायला लावत. अशा बाईनं एक साधा मराठी शब्द हिंदीत वाचला. आणि तो चुकून तसा वाचला गेला, असं चार महिने स्वतःला समजावत राहिली.

इंदरगंजात औषधांच्या एका ठोक दुकानावर दोन खोल्या आहेत. तिथून डॉक्टरांच्या एका मंडळाचं त्रैमासिक निघतं. अंक इंग्रजीत, पत्रव्यवहार हिंदीत आणि सगळा कारभार वनमालाबाईंच्या हातात, सत्तावीस वर्षं. संपादक आले नि गेले, बाई तिथेच. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी., पहिला वर्ग. लग्न केलं नाही. का नाही, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

काम वरवर सोपं. लेख आला की पहिलं पान काढून कपाटात ठेवायचं, म्हणजे लेखकाचं नाव गेलं. उरलेल्यावर नंबर घालून त्या विषयातल्या दोन जाणत्या डॉक्टरांकडे तपासायला पाठवायचा. छापा, दुरुस्त करून छापा किंवा परत करा, असं त्यांनी सांगायचं. तपासणाऱ्याला लेखक कळायचा नाही आणि लेखकाला तपासणारा. दोघंही ठाऊक असायचे ते एकट्या बाईंना. म्हणून तर बाईंनीच एक नियम टाइप करून टेबलामागे चिकटवला होता : आपल्या माणसाचा लेख आला तर तो आपण हाताळायचा नाही, संपादकांना सांगून बाजूला व्हायचं. नियमाला त्या जागत होत्या. खुद्द मंडळाच्या अध्यक्षांचा लेख एकदा तपासणाऱ्यानं नापास केला, तर बाईंनी तो तस्सा परत पाठवला. अध्यक्षांचा फोन आला, “पिंपळखरेजी, थोड़ा देख तो लेतीं.” बाई म्हणाल्या, “देखा ना सर. दो बार देखा.”

मग सुश्रुतचा लेख आला.

सुश्रुत म्हणजे बाईंच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. त्याच्या गावी, गुन्यात, चांगली शाळा नाही म्हणून सहावीपासून बारावीपर्यंत टोपी बाजारातल्या बाईंच्या दोन खोल्यांत राहिला. त्याचे डबे भरले बाईंनी, गणितं घेतली बाईंनी, गोवर निघाला तेव्हा कडुलिंबाच्या डहाळ्या बांधल्या त्याही बाईंनी. आता तो एका खाजगी मेडिकल कॉलेजात बालरोग विभागात शिकवतो. बढती अडली होती एका लेखापायी.

“मावशी, हा एक छापून आला ना, की बस. मुलाखत मार्चमध्ये आहे. तू फक्त जल्दी करवा दे, बाकी काही नाही.”

“मी काही करवा-बिरवा देत नाही. आणि ‘करवून’ म्हण.”

“हो गं. करवून दे.”

हसली दोघंही. तिथेच लेख जयसिंहरावांच्या, म्हणजे संपादकांच्या, टेबलावर ठेवायला हवा होता. जयसिंहराव त्या आठवड्यात पुण्याला मुलीकडे गेले होते. आठ दिवस थांबायचं तर मार्च हुकतो. पाठवायचंच तर आहे, तपासणारे तपासतील, यात आपण काय हाताळलं? असा विचार करून बाईंनी पहिलं पान काढून घेतलं. वाकडं पाऊल हे पहिलं.

लेख होता काविळीच्या तान्ह्या बाळांवर. कावीळ झालेल्या बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात. दिवा बंद केल्यावर कावीळ पुन्हा चढते का हे बघायला बाळाला आणखी एक दिवस ठेवून घेतात. सुश्रुतचं म्हणणं, तो एक दिवस फुकट जातो. दिवा बंद केला की त्याच दिवशी घरी सोडावं. एकशे वीस बाळं सोडली, एकाचीही कावीळ पुन्हा चढली नाही.

एका डॉक्टरांनी दोन ओळींत ‘छान’ म्हणून हात झटकले. दुसरे डॉक्टर रघुनाथराव. वय एक्क्याऐंशी. पडद्यावर वाचत नाहीत, म्हणून कागद घेऊन बाई स्वतः त्यांच्याकडे दौलतगंजला जात. ते शिसपेन्सिलीनं खुणा करत आणि वर एक चिठ्ठी टाचत. चिठ्ठी मराठीत, कारण वनमालाला लिहायचं तर हिंदीत कशाला?

चिठ्ठीत एकच ओळ होती : ‘संशोधन पूर्ण करून मगच छापणे.’

आतल्या कोष्टकात एका आकड्याभोवती पेन्सिलीचं जाड कडं होतं. आकडा चव्वेचाळीस. तिसऱ्या दिवशी तपासायला परत आली ती चव्वेचाळीस बाळं. म्हणजे शहात्तर बाळांचं पुढे काय झालं, ते कोणी पाहिलेलंच नव्हतं.

आता गंमत बघा. मराठीत संशोधन म्हणजे शोधकार्य. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. कायद्यात संशोधन, मतदार यादीत संशोधन. आणि बाईंच्या ऑफिसच्या हिंदी छापील फॉर्मवर चौकट होती, ‘संशोधन के बाद स्वीकृत’. दुरुस्त करून घ्या नि छापा. रघुनाथराव सांगत होते की अभ्यास अर्धा आहे, आधी पुरा करा. बाईंनी चिठ्ठी समोर ठेवली, फॉर्म शेजारी ठेवला, तोच शब्द दोन्हीकडे पाहिला आणि चौकटीत बरोबरची खूण केली.

क्षणभरसुद्धा लागला नाही. हेच पुढे त्यांना जास्त टोचलं.

सुश्रुतनं चार स्वल्पविराम हलवले, दोन संदर्भ वाढवले आणि एका दिवसात लेख परत केला. जानेवारीच्या अंकात तो छापून आला. बाईंनी बहिणीला प्रत पाठवली, वर लिहिलं, ‘तुझ्या लेकाचं नाव बघ’.

एप्रिलमध्ये श्योपूरच्या एका छोट्या दवाखान्यातून पत्र आलं. डॉक्टर सोनिका जादौन. हिंदीत, आवाज न चढवता लिहिलेलं. आमच्याकडे खाटा कमी, म्हणून तुमच्या अंकातला लेख वाचून मी तीन बाळं त्याच दिवशी घरी सोडली. एक मुलगी चौथ्या दिवशी परत आली, तळपायापर्यंत पिवळी. अंगातलं रक्त बदलावं लागलं. जगली. कानांवर परिणाम झालाय का ते अजून सांगता येत नाही. लेखकांना एवढंच विचारा, एकशे वीसपैकी किती बाळं तुम्ही पुन्हा डोळ्यांनी पाहिली?

बाईंनी पत्र घडी करून पर्समध्ये टाकलं. आवक वहीत नोंदवलं नाही. सत्तावीस वर्षांत न नोंदवलेलं हे पहिलं पत्र.

संध्याकाळी सुश्रुतला घरी बोलावलं.

“शहात्तर बाळांचं काय झालं रे?”

“कोणती शहात्तर?”

बाईंनी अंक उघडून कोष्टकावर बोट ठेवलं.

“अगं, फोन लावले होते. आधे तो लगे ही नहीं. गावांकडचे लोक, नंबर बदलतात. पण आले नाहीत म्हणजे ठीकच असतील ना! बीमार होते तो आते.”

“आणि लेखात हे का नाही लिहिलंस?”

“तपासणाऱ्यानं विचारलं नाही, मावशी. विचारलं असतं तर लिहिलं असतं.” पोह्यांची बशी पुढे ओढत तो अगदी सहज म्हणाला. “माझ्याकडे तर मायनर करेक्शन असंच आलं होतं.”

ज्यानं विचारलं होतं, त्याचा प्रश्न आपणच गिळला. पोराला दटावायचं तरी कुठल्या तोंडानं? तो पोहे खाऊन गेला. बढतीची यादी महिनाअखेर लागणार होती.

दोन दिवस त्यांनी आपली बाजू घासूनपुसून लख्ख केली. शब्दच तसा. ग्वाल्हेरात चार पिढ्या काढल्या, दिवसभर हिंदी कागद हाताळतो, कुणाचीही गफलत होईल. तिसऱ्या दिवशी ही चकचकीत बाजू घेऊन त्या दौलतगंजला रघुनाथरावांकडे गेल्या.

म्हातारबुवा व्हरांड्यात बसले होते. पत्र त्यांनी भिंगातून वाचलं, मग दुसऱ्यांदा वाचलं. बाईंनी चिठ्ठीचं सांगितलं; हिंदीत संशोधन म्हणजे कसं, चौकट कशी, घोळ कसा. त्या भराभर बोलत होत्या. रघुनाथराव हळूहळू खुर्चीत मागे रेलले.

“म्हणजे माझ्यामुळे झालं,” ते म्हणाले.

“तुमच्यामुळे कसं?”

“नाहीतर काय! आमचे सर सांगायचे, औषधाची चिठ्ठी अशी लिहा की आंधळ्यालाही चूक करता येऊ नये. आणि मी हिंदी ऑफिसात मराठी चिठ्ठी पाठवतो. एक ओळ! कशापायी एवढी हौस? अजून चार शब्द लिहायला माझे हात झडले होते?” त्यांनी पेन्सिल हातात घेतली. “जयसिंहला आजच लिहितो. चूक तपासणाऱ्याची, म्हणून छाप म्हणावं. आणि वनमाला, यापुढे माझ्याकडे लेख पाठवू नकोस. माझं वय झालं.”

बाईंना हेच तर हवं होतं. कोणीतरी चूक उचलावी आणि आपण हलकं व्हावं. उचलली होती. ‘असं कसं म्हणता, तुम्हीच तपासायला हवं’ असं काहीतरी गोड बोलून त्यांना निघता आलं असतं. त्या उठल्यासुद्धा. मग पुन्हा बसल्या.

“मला कळलं होतं,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“तुम्ही काय लिहिलंय ते. मला मराठी कळतं, डॉक्टर. पेन्सिलीचं कडंही कळलं होतं. लेख सुश्रुतचा होता. माझ्या भाच्याचा.”

रघुनाथरावांनी भिंग खाली ठेवलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“मघाशी मला का बोलू दिलंस?” एवढंच त्यांनी विचारलं.

बाईंनी पत्राची घडी केली आणि त्या उठल्या.

दुसऱ्या दिवशी जयसिंहरावांसमोर पत्र, चिठ्ठी, फॉर्म असं सगळं मांडून बाईंनी हकिकत सांगितली. जयसिंहराव जुन्या सरदार घराण्यातले, भांडण नको, बोभाटा नको. त्यांनी डोकं धरलं.

“लेख मागे घेऊ, त्यात वादच नाही. पण वनमालाबाई, सूचनेत ‘भाषिक गैरसमजातून’ एवढं घालू ना. खोटं थोडंच आहे? शब्दाचे दोन अर्थ आहेतच.”

“शब्दाचे आहेत. माझ्या मनात एकच होता.”

“अहो, तुमची अब्रू सांभाळतोय मी!”

“माझी सांभाळाल. रघुनाथरावांची जाईल. मराठीत चिठ्ठ्या लिहिणारा कोण हे लोक ओळखतील; म्हणतील, म्हाताऱ्याला धड लिहिता येत नाही.”

“आणि सुश्रुत? यादी लागायची आहे त्याची. पंधरा दिवस थांबलो तर काय आभाळ कोसळतं?”

हा प्रश्न मात्र बाईंनी रात्रंदिवस स्वतःला विचारला होता. पंधरा दिवस. तेवढ्यात कोणत्या दवाखान्यात कोण तो अंक उघडेल, कोणतं बाळ घरी जाईल, याचा हिशेब कोणी मांडायचा?

“आज पाठवायची,” त्या म्हणाल्या आणि टाइप करायला बसल्या. लेख मागे घेतला आहे. यातल्या सल्ल्यानुसार कोणत्याही बाळाला लवकर घरी सोडू नये. एकशे वीसपैकी शहात्तर बाळांची नंतर तपासणी झालेली नाही. एका तपासणाऱ्यांनी हे स्पष्ट सांगितलं होतं. ते मत कार्यालयानं बदललं. लेखक कार्यालय-सचिवांचा भाचा आहे. खाली नाव, वनमाला पिंपळखरे.

जयसिंहरावांनी वाचलं. “भाच्याची ओळ काढा. बाकी राहू द्या.”

“तीच राहायला हवी.”

“मग तुम्हाला इथे ठेवता येणार नाही. समजतंय ना?”

“समजतंय.”

सूचना साडेअकराला सगळ्या वर्गणीदारांना गेली. पावणेबाराला सुश्रुतचा फोन आला.

“तू मला विचारलंसुद्धा नाहीस, मावशी.”

“नाही विचारलं.”

“मी तुला सांगितलं होतं असं करायला? बोल ना! मी फक्त जल्दी म्हणालो होतो. कागद तू बदललास, आणि नाव माझं जातंय.”

“तुझं नाव त्या शहात्तरांमुळे जातंय. माझं माझ्यामुळे. तू सांगितलं नव्हतंस, हे मी लिहून देईन कोणालाही.”

“लिहून देईन!” तो हसला, वाईट हसला. “तुझं लिहिलेलं आता कौन मानेगा?”

फोन कट झाला. या खेपेला बाईंनी त्याचं मराठी सुधारलं नाही.

मग त्यांनी श्योपूरचा नंबर फिरवला. डॉक्टर सोनिका जादौन यांनी सूचना वाचली होती. बाईंनी स्वतःचं नाव सांगितलं.

“आप ही ने बदला था?”

“जी.”

“हम्म. बता दिया, अच्छा किया. देर से किया.”

“बच्ची कैसी है?”

“दूध पी रही है. कान की जाँच बीस तारीख़ को है.”

“मैं उस दिन फ़ोन कर लूँ?”

मागे कुठेतरी एक मूल रडत होतं, ते गप्प झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मुझे कर लीजिए. माँ से बात मत माँगिएगा. वो पूछेगी आप कौन हैं, तो मैं क्या बताऊँगी?”

बाई ‘जी’ म्हणाल्या. फोन ठेवला, समोरच्या कॅलेंडरवर वीस तारखेला खूण केली आणि जुडग्यातून कपाटाच्या किल्ल्या एकेक करून सोडवायला घेतल्या.