गटारातली निवटी

एखादी गोष्ट का होते ते कळेपर्यंत सगुणा घरतला चैन पडत नसे. मिक्सर बंद पडला तर दुरुस्तीला द्यायच्या आधी ती तो स्वतः खोलून बघे. टेम्पो चालवणारा नवरा काळूराम म्हणायचा, हिला चौथीच्या पुढे शिकवली असती तर मास्तरच शाळा सोडून पळाले असते. साठी उलटली तरी खोड गेली नव्हती.

त्या वर्षी नगरपरिषदेने बांधणआळीत नवं गटार बांधलं. पूर्वी आळीच्या कडेने उघडा नाला होता, त्याच्या वासाने पाहुणे ओटीवर बसायला नको म्हणत. आता सिमेंटचं बंदिस्त गटार झालं, वर लाद्या बसल्या आणि दर वीस पावलांवर लोखंडी जाळी. आळी अलिबागच्या रस्त्यापासून निघते ती थेट खाडीच्या बांधाला जाऊन भिडते. सगुणाचं घर बांधाकडून चौथं. काम चाललं होतं तेव्हा तिने कामगारांना दोन-तीनदा चहाही पाजला होता. सगळी आळी खूश होती.

फाल्गुनातल्या एका दुपारी परसात भांडी घासताना तिच्या कानावर गटारातून पाणी वाहिल्याचा आवाज आला. पाऊस जाऊन पाच महिने झाले होते आणि नळाला पाणी सकाळी तासभरच यायचं. मग भरदुपारी हे पाणी सोडलं कुणी? ती जाळीवर वाकली. आत भिंतीला चिकटलेलं काहीतरी टुणकन उडालं. निवटी होती ती. खाडीच्या चिखलात उड्या मारणारी ही मासळी सगुणाने पोरपणी हाताने धरलेली, ओळखायला चुकणं शक्यच नव्हतं. पण खाडी सोडून ती इथे मोरीशेजारी काय करत होती?

सगुणाने दोरीला लोटा बांधून आत सोडला, पाणी वर काढलं आणि बोट बुडवून जिभेला लावलं. काळूराम ओरडला की वेड लागलंय काय तुला. तिने थुंकून चूळ भरली आणि शांतपणे सांगितलं, "खारं हाय."

परसातलं अळू दोन महिने पिवळं का पडत होतं, तेही तिला तेव्हाच उमगलं. गटाराच्या सांध्यांतून खारं पाणी मुळांशी झिरपत होतं. पण तेवढ्याने तिचं समाधान झालं नाही. पाणी रोज येतं की कधीमधी? येतं ते किती आत जातं? आळीच्या वरच्या टोकाला राहणारी नीराबाई तिची जुनी मैत्रीण. तिच्या दारातल्या जाळीशी आणि स्वतःच्या परसातल्या जाळीशी सगुणाने गटाराच्या भिंतीवर विटेच्या तुकड्याने रेघा ओढल्या. रोज भरतीच्या वेळी पाणी कुठल्या रेघेला टेकलं ते दोघी बघत आणि सगुणा भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेखाली तेवढे ठिपके काढी. नीराबाईला आधी हे सगळं पोरखेळ वाटलं. पुढे तीच दुपारची झोप सोडून जाळीपाशी येऊन उभी राहू लागली.

महिन्याभराने कॅलेंडर बोलू लागलं. अमावास्या-पुनवेला पाच-पाच ठिपके, अष्टमीला एखादा किंवा तोही नाही. उधाणाचं पाणी गटारातून उलटं चढत होतं आणि भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, मागे राहत होतं.

सगुणाचं माहेर मिठागरवाल्यांचं. बापाकडे उघाडीचं काम होतं. बांधाच्या पोटातल्या मोरीला बाहेरच्या अंगाने लाकडी झडप टांगलेली असे, तीच उघाडी. भरती आली की पाण्याच्या रेट्याने ती आपोआप मिटे आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडे. झडपेत अडकलेला कचरा काढणं एवढंच माणसाचं काम. बांधणआळीच्या जुन्या नाल्यालाही अशी एक उघाडी होती, हे तिला आठवलं. ओहोटी बघून ती बांधापलीकडे उतरली. तिथे आता सिमेंटचे तीन गोल पाइप होते, खाडीकडे तोंड करून सताड उघडे. जुनी झडप बहुधा मोडीत गेली होती.

दुसऱ्या दिवशी कॅलेंडर गुंडाळून ती नगरपरिषदेत गेली. बांधकाम विभागात प्राप्ती नावाची तरुण अभियंता होती, नोकरीला जेमतेम दोन महिने झालेली. गटाराचं काम तिच्या आधीच्या साहेबांनी केलेलं. तिने नकाशा काढून दाखवला, उतार मोजून दिलेला आहे आणि पाणी खाडीकडेच जातं, असं समजावलं. सगुणाने नीट ऐकून घेतलं आणि मग कॅलेंडर टेबलावर पसरलं. प्राप्तीला ठिपके कळले नाहीत, पण ते कसले आहेत हे जाणून घ्यावंसं मात्र वाटलं. सगुणा म्हणाली, "शुक्रवारी पुनव हाय. साडेबाराला या. मी सांगून पटनार न्हाय, डोल्यांनी बघा."

प्राप्ती आली. मदतनिसाकडून जाळी उचलून घेतली आणि दोघी काठावर बसल्या. गटारात साबणाचं थोडं पाणी खाडीच्या दिशेने सरकत होतं. एकच्या सुमाराला ते थबकलं. त्यावरचं आंब्याचं पान जागच्या जागी फिरलं आणि हळूहळू उलट, आळीच्या वरच्या अंगाला निघालं. प्राप्ती गुडघ्यांवर बसून, ओढणी चिखलात लोळतेय याचं भान विसरून त्या पानाकडे बघत राहिली. पान पुढच्या जाळीखाली गेलं तशी तीही उठून पुढच्या जाळीशी गेली, मग तिच्या पुढच्या.

परत आल्यावर तिने मोबाइलवर जुनी कागदपत्रं उघडली आणि विचारलं, "काकी, मागच्या वर्षी बारा एप्रिलला तिथी कोणती होती?"

सगुणाकडे जुनं कॅलेंडर होतं, भांड्यांच्या फळीवर अंथरलेलं. डबे बाजूला करून तिने ते काढलं. अष्टमी होती. भांगाच्या त्या दिवशी मोजणी झाली होती आणि त्या दिवशीची भरती हीच सगळ्यात मोठी भरती धरून पाइप बसवले होते. प्राप्तीने कॅलेंडरच्या त्या पानाचा फोटो काढला. मग म्हणाली, "आम्हाला कॉलेजात तिथी कुणी शिकवली नाही."

पावसाआधी तिन्ही पाइपांना लोखंडी झडपा बसल्या. त्या बाहेरच्या अंगाने टांगायच्या, हे सगुणाने बांधावर उभं राहून बसवणाऱ्यांना सांगितलं. खारं पाणी थांबलं. आळीने तिचं कौतुक केलं, पण ते आषाढाच्या उधाणापर्यंतच टिकलं. त्या दिवशी सकाळपासून पाऊस कोसळत होता. भरतीने झडपा मिटल्या आणि आतलं पावसाचं पाणी कोंडून राहिलं. नीराबाईचं घर वरच्या टोकाला असलं तरी जोतं बुटकं, तिच्या घरात घोटाभर पाणी शिरलं आणि तांदळाची कणगी भिजली. तिने सगुणाला तोंडावर सांगितलं की तुझ्या झडपांनी माझं घर बुडवलं. दोघींचं बोलणं महिनाभर बंद होतं.

सगुणाला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त ती बुचकळ्यात पडली. जुन्या उघाडीच्या काळातही भरतीला पाऊस पडतच असेल. मग तेव्हा घरं का बुडत नव्हती? भरती उतरेपर्यंत ते पाणी थांबायचं कुठे? तिने आळीतल्या म्हाताऱ्यांना विचारून बघितलं. उत्तर मिळालं ते नामा आजोबांकडून. आता जिथे नगरपरिषदेची बाग आणि चालायची वाट आहे, तिथे खोलगट खाजण होतं. पावसाळ्यात ते तळ्यासारखं भरायचं आणि ओहोटीला रिकामं व्हायचं. बागेसाठी त्यात मातीची भर पडली, तरी रुंद उघड्या नाल्यात थोडंफार पाणी मावायचं; बंदिस्त गटारात तेही मावेना. त्या वाटेवर सगुणा स्वतः सहा वर्षं रोज फेऱ्या मारत होती, पण खाजणाचा आळीतल्या पाण्याशी संबंध तिच्या कधी लक्षात आला नव्हता.

प्राप्तीने बागेचा खाडीकडचा कोपरा खोदून तळं करायचा प्रस्ताव दिला. आळीत दोन तट पडले. मुलांची घसरगुंडी तिथेच होती. सभेत वाद झाले, कोपरा निम्मा झाला, पण पुढच्या मे महिन्यात खोदकाम एकदाचं झालं. त्या पावसाळ्यातही उधाणाला रस्त्यावर पाणी आलं, पण ते तासाभरात उतरलं आणि कुणाच्या उंबऱ्याच्या आत गेलं नाही. नीराबाई एक दिवस सुक्या बोंबलाची चटणी घेऊन आली आणि भांडणाचा विषय न काढता जाळीशी उभी राहून म्हणाली, "आज चौथी रेघ."

प्राप्तीची नंतर मुरूडच्या बाजूला बदली झाली. गणपतीनंतर तिचा फोन आला. आगरदांड्याच्या जेटीजवळ एका वस्तीत पाणी येतं, पण उधाणाला नाही तर भांगाला येतं, असं तिथले लोक सांगतात. हे कसं, ते तिला कळेना. सगुणालाही कळलं नाही. रात्री जेवताना तिने काळूरामला विचारलं की तुमचा टेम्पो अष्टमीला मोकळा हाय का. काळूरामने भाताचा घास खाली ठेवला आणि तिच्या तोंडाकडे बघून म्हणाला, डबा भरून घे, लांब हाय.