दादाची तिजोरी

माझा थोरला भाऊ महिना संपायच्या आत कॅलेंडरची पानं फाडायचा. आई दुधाच्या खाड्यांखाली वीजबिलाचा पासवर्ड लिहून ठेवायची आणि दादा ते पान टराटरा फाडून चुरगळायचा. "त्यापेक्षा दारावर किल्ली टांग ना," असं वर ऐकवायचा. पानाबरोबर आईची संकष्टी गेली, तरी त्याला काही नव्हतं.

ठाकुर्लीच्या घरात फ्रिजवर त्याने एक जुना कॉम्प्युटर मांडला आणि घरादाराचे पासवर्ड त्यात कोंबले. त्याला तो तिजोरी म्हणायचा. कुठल्याच कंपनीवर त्याचा विश्वास नव्हता. मी कळव्याच्या लॅबमध्ये दिवसभर यंत्रं हाताळते, पण फ्रिजजवळ गेले की हा गुरगुरायचा, "हात लावू नकोस. तुला नाही जमायचं." तिजोरीचा मुख्य पासवर्ड त्याने आईकडून पाठ करून घेतला: आवळा, शिडी, तेरावा मजला, मावशी. आई तो आरतीसारखा एका दमात म्हणायची. मला तेव्हा खोलीबाहेर काढलं होतं.

कहर म्हणजे, आईच्या हृदयाचे सगळे रिपोर्ट त्याने स्कॅन करून त्या तिजोरीत टाकले आणि फाइल रद्दीवाल्याला दिली. "कागद हरवतात गं," म्हणाला.

मग गेल्या वर्षी तो स्वतःच गेला, ऑफिसात, बसल्या जागी. मला रडू कमी आलं, संताप जास्त आला. अजून येतो.

परवा आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना जुने रिपोर्ट हवे होते, नाहीतर बहात्तराव्या वर्षी आईची अँजिओग्राफी पुन्हा करावी लागणार होती. दादाच्या मोबाइलवर तिजोरी उघडायला गेले, तर ॲप म्हणालं, सर्व्हर जुना झालाय, अपडेट करा. सर्व्हर म्हणजे तो फ्रिजवरचा कॉम्प्युटर, वर्षभर त्याला कोणी शिवलंच नव्हतं. बंदी होती ना!

रविवारी सकाळी मी तो कॉम्प्युटर खाली उतरवून टीव्हीला जोडला. तिजोरी एका कंटेनरमध्ये चालते, म्हणजे डब्यात. अपडेट करायचं म्हणजे जुना डबा टाकून नवा आणायचा. ऐवज शेजारच्या फोल्डरमध्ये असतो, तो नव्या डब्याला जोडायचा. विसरलात तर तिजोरी रिकामी. हे मी वाचून वाचून शिकले, ओळीओळीला दादाला शिव्या घालत. आधी फोल्डरची पेन ड्राइव्हवर कॉपी घेतली. मग जुना डबा काढून टाकला.

"त्याला येत होतं ते तुलाही येईल," आई म्हणाली.

"हे त्याला सांगायचं होतंस," मी खेकसले.

नवा डबा सुरू झाला. आईने पासवर्ड म्हटला, मी टाइप केला, आणि रिपोर्ट जसेच्या तसे समोर आले. ते डॉक्टरांना पाठवले आणि याने आणखी काय काय लपवलंय ते बघायला मी रागारागाने सेटिंग्ज चाळू लागले. तिथे 'आपत्कालीन संपर्क' म्हणून एकच नाव होतं. माझं. आपल्यामागे तिजोरी उघडायचा हक्क त्याने मला दिला होता. पुढे लिहिलं होतं, 'निमंत्रण पाठवले'. मी ते स्वीकारलंच नव्हतं.

माझी मेल उघडून शोधलं. जाहिरातींच्या ढिगात ते निमंत्रण पडलेलं होतं. त्याला पाच दिवसांची मुदत असते, म्हणून दादाने ते पुन्हा पाठवलं होतं, मग पुन्हा. एकूण सात. सातही मी न उघडलेली, शेवटचं तो गेला त्या आठवड्यातलं.

तोंडाने सांगता येत नव्हतं का रे मेल्या? मी त्या शेवटच्या निमंत्रणावर बोट ठेवलं. मुदत संपली आहे, असं उत्तर आलं.